आकड्यांची रांग

मुलांनो, विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोगाच्या १२ पायऱ्या टाइप केल्यात. मग आठवलं, ‘मेणबत्ती पेटवण्याआधी मोठ्यांना बोलवा’ ही तिसरी पायरी राहिलीच! आता पुढचे १० आकडे कोण बदलणार? पण कंटाळ्यापायी ती पायरी गाळू नका हं!

लिबरऑफिस रायटरमध्ये हातानं टाकलेले आकडे आधी खोडा. पायऱ्या निवडून ‘एफ ११’ दाबा. ‘लिस्ट स्टाइल्स’मधल्या ‘नंबरिंग १२३’वर दोनदा टिचकी मारा. झाले आकडे! आता दुसरीच्या शेवटी एन्टर दाबून राहिलेली पायरी लिहा. पुढचे आकडे आपोआप सरकतील. ‘१.’ऐवजी ‘१)’ हवं? स्टाइल एकदाच बदला, सगळी रांग बदलेल.

आज आईच्या वाणसामानाच्या यादीवर करून बघा!