बटणामागचा टाका

काच फुटलेल्या टीपॉयला जुन्या बाजारात फारसं गिऱ्हाईक नसतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचरच्या रांगेत असे सांगाडे एकावर एक रचलेले दिसतात. पाय सागवानी, घडण उत्तम, वरची चौकट मात्र रिकामी. त्या चौकटीत मला नेहमी गादीचा बाक दिसतो, खिडकीखाली किंवा पलंगाच्या पायथ्याशी ठेवण्याजोगा.

उंचीचं गणितही जमतं. बसायची जागा जमिनीपासून साधारण 18 इंचांवर असली की पाय नीट टेकतात. टीपॉय बहुधा 15-16 इंचांचा असतो. चौकटीत प्लायवूड बसवून त्यावर तीन-चार इंच फोम टाकला की माणसाच्या वजनाने दबल्यावर उंची बरोबर येते.

पण टीपॉय घडवला जातो कपबशांसाठी. त्याच्यावर दोन माणसं बसणार असतील तर आधी सांधे पाहायला हवेत. हलत असतील तर उकलावेत, जुना सरस खरवडून फेव्हिकॉल लावावा आणि शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवावेत. चारही कोपऱ्यांत आतून तिकोनी गुटके, मधोमध आडवी पट्टी. पायांवर बारीक भोकं आणि खाली ताजा भुसा दिसला, तर सागवान म्हणून कितीही मोह पडो, ते घरात आणू नये.

आता बटणं. बटणांची गादी बहुतेकांना शोभेची वाटते, आणि हल्ली काही बाकांवर ती खरोखरच वरवर चिकटवलेली असतात. मला ते पटत नाही. 19व्या शतकातल्या युरोपात सोफ्यांत घोड्याचे केस भरत. ते जागचे सरकू नयेत म्हणून दोरा आरपार ओढून वर बटण बसवत. आपल्याकडे पिंजारी हेच करत आला. पिंजलेला कापूस खोळीत भरून झाला की दाभणाने ठरावीक अंतरावर टाके घालायचा. ते नसतील तर कापसाचे गोळे होऊन गादी मधे रिकामी पडते. टाका कामाचा आहे, बटण त्याचं टोक आहे.

म्हणून प्लायवूडला भोकं पाडूनच काम करावं. आधी शंकरपाळ्याच्या आकारात खुणा आखायच्या, फोमलाही त्याच जागी भोकं करायची. फोम 40 घनतेचा घ्यावा, हलका फोम लवकर बसतो. त्यावर कापसाचा पातळ थर दिला की कडा मऊ होतात. कापडावरचं अंतर मात्र लाकडावरच्यापेक्षा जास्त धरावं लागतं. तीन इंचांच्या फोममध्ये बटण खोल ओढायचं तर प्रत्येक दोन बटणांमागे इंच-दीड इंच कापड घडीत जातं. ते आधी मोजलं नाही तर कडेला कापड पुरत नाही, आणि तेव्हा काही इलाज उरत नाही.

सुरुवात मधल्या बटणापासून. दाभणात मेणाचा नायलॉन दोरा ओवून खालून वर यावं, बटणातून परत खाली. दुसरं बटण ओढलं की दोहोंमधलं कापड आपोआप दुमडतं. ती घडी बोटाने एकाच दिशेला बसवत बाहेरच्या बाजूला सरकायचं. हे काम घाईचं नाही. कापड साधं, एकरंगी आणि घट्ट विणीचं असावं. सोलापुरी चादरीची नक्षी मला फार आवडते, पण या घड्यांमध्ये ती तुटून जाते आणि जाड कापडाच्या घड्या फुगतात. तिचा मान पलंगावरच.

दोऱ्याची खालची टोकं प्लायवूडखाली चुकेला गुंडाळून गाठवावीत, चिकटवू नयेत. वापराने एखादं बटण सैल होतंच. खालचं अस्तर एका बाजूने उसवून तो दोरा पुन्हा आवळता येतो, आणि कापड विटलं तर तोच सांगाडा, तीच भोकं वापरून नवं कापड चढवता येतं.