वेगाचे भांडवल

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या मुलाचे पाय चपळ निघाले, की घरात प्रश्न उभा राहतो : खो-खो की कबड्डी? वरवर पाहता हा आवडीचा प्रश्न. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आहे. प्रो कबड्डीच्या २०१४ मधील पहिल्या लिलावात सर्वोच्च बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये ती २ कोटी ६० लाखांवर पोहोचली. खो-खोची व्यावसायिक स्पर्धा सुरू व्हावयास २०२२ साल उजाडावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या दोन्ही संघांनी पहिला विश्वचषक जिंकला, तरी बाजारभाव कबड्डीचाच. पालकांचा कल तिकडे झुकला, तर नवल नाही.

परंतु लिलावाचा आकडा शिखराचा असतो, पायथ्याचा नव्हे. शिवाय वेग हे झिजणारे भांडवल आहे. गुडघा दुखावला की ते एका दिवसात बुडते. हा धोका मोठ्या संघाला सोसवतो, कोरडवाहू शेतकऱ्याला नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण पदाची शैक्षणिक पात्रता त्यांनाही चुकत नाही. म्हणून मैदान कोणतेही निवडावे; वर्ग मात्र सोडू नये. शाळांनीही पदकाइतकीच त्या मुलाच्या हजेरीची काळजी वाहिली पाहिजे.