फ्यूज हा राखणदार आहे

दुधनीच्या बाजार समितीत तुरीची आवक सुरू झाली, की अक्कलकोट तालुक्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टर व ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. अशा दिवसांत ट्रॅक्टर वाटेत अडला, तर शेतकरी घायकुतीस येणे साहजिक आहे. परंतु जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी बसविण्याची जी रीत पडली आहे, ती घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फ्यूज जळणे हा मूळ दोष नव्हे. ती दोषाची वर्दी होय. वायरिंगला झेपणार नाही इतका प्रवाह वाहू लागताच फ्यूज स्वतः वितळतो व वायरिंग वाचवितो. तेथे जाड तार घातल्यास वितळण्याची पाळी वायरिंगवर येते व ट्रॅक्टर पेट घेऊ शकतो. चपट्या फ्यूजवर आकडा असतो व रंगही ठरलेला असतो : १० अँपियर तांबडा, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. नवा फ्यूज मूळच्याच मापाचा असावा. तोही लागलीच जळाल्यास तिसरा बसवू नये. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून, वायर चासीला कोठे घासली आहे, उंदराने कोठे कुरतडली आहे, ट्रॉलीच्या सॉकेटात ओल शिरली आहे काय, हे शोधावे.

याहून गंभीर गोष्ट गिअरची. पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याखेरीज अथवा गिअर न्यूट्रलला असल्याखेरीज स्टार्टरला वीज मिळू नये, म्हणून एक स्विच असतो. तो बिघडला, की दोन तारा जोडून काम भागविले जाते. मग गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर चावी फिरविताच झेपावतो व जवळ उभा असलेला माणूस चाकाखाली सापडतो. स्टार्टर फिरेनासा झाल्यास प्रथम गिअर न्यूट्रलला आणून क्लच पूर्ण दाबावा, बॅटरीची टोके साफ व घट्ट करावीत, फ्यूज पाहावा व मगच स्विच तपासावा. बिघडलेला स्विच बदलावा. तो वगळू नये.

सुगीत एवढी सवड कोणास आहे, असे कोणी म्हणेल. परंतु योग्य मापाचे चार फ्यूज व १२ व्होल्टचा तपासणी दिवा हत्यारपेटीत असल्यास यातील बरेचसे काम जागच्या जागी होते. ग्रामकार्यकर्त्यांनी बीजप्रक्रियेप्रमाणेच याचेही प्रात्यक्षिक सुगीपूर्वी गावोगाव करून दाखवावे. फ्यूजची किंमत ती काय! त्यापायी ट्रॅक्टर किंवा घरचा माणूस गमावणे कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारे नाही.