सही करण्याआधी

वडशाच्या भाचीला चंद्रपुरात शेअर दलालाच्या शाखेत नोकरी लागली. पेढे घेऊन आली, सोबत नेमणूकपत्र. सवयीनं मी शेवटचं पान आधी वाचलं. वाद झाल्यास कंपनी नेमेल तो लवाद, ठिकाण मुंबई!

"हे वाचलंस का गं?"

"मावशी, सारेच सही करतात न!"

अहो, उद्या पगार अडला तर ही पोर मुंबईचं तिकीट काढणार की वकील लावणार? आणि पंच त्यांचाच. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय. छापील कागद मात्र जुनेच फिरतात.

अमेरिकेत १९९६ मध्ये स्मिथ बार्नी या दलाली कंपनीतल्या बायकांनी छळाविरुद्ध दावा लावला. भेदभावाची तक्रार लवादाकडेच नेण्याची त्या धंद्याच्या नियमातली सक्ती १९९९ मध्ये उठली. कंपन्यांच्या करारांतली बरीचशी राहिलीच. लैंगिक छळापुरता त्यावर कायदा आला तो २०२२ मध्ये. आपल्याकडे २०१३ च्या कायद्यानं अशा तक्रारीसाठी कार्यालयात समिती हवी. दहापेक्षा कमी माणसं असली तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पगाराच्या भांडणाला मात्र ती वाट नाही.

लवाद नको असं मी म्हणत नाही. तो दोघांनी मिळून निवडावा, इथंच बसावा. भाचीनं तसं शाखेत लिहून दिलंय. मॅनेजर म्हणाले, "वर विचारतो."