रसवंती, कांदेराजा आणि सहकार

उन्हाळा लागला की सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकापासून भिस्तबागेच्या बाजूपर्यंत रसवंत्यांची घुंगरे वाजू लागतात. याच दिवसांत परीक्षांतून मोकळी झालेली मुले भर दुपारी पडद्यासमोर चौघे-चौघे बसून दुकान चालवण्याचे खेळ खेळतात. कधी ते उपाहारगृह असते, कधी प्राण्यांनी चालवलेले फळांच्या रसाचे दुकान. फळे चिरायची, रस काढायचा, पेले भरायचे, गिऱ्हाईक कंटाळून निघून जाण्याच्या आत ते त्याच्या हाती द्यायचे. आणि हे सारे करताना इतका आरडाओरडा करायचा की शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थास ते असह्य व्हावे. पालकसभांतून अशा खेळांविषयी तक्रारी ऐकू येतात. त्या सर्वस्वी निराधार आहेत असे नाही. तथापि या एका जातीच्या खेळाविषयी माझे मत निराळे आहे, आणि त्याचा संबंध अर्थशास्त्राशी, किंबहुना त्याहून अधिक आपल्या जिल्ह्याच्या सहकारी परंपरेशी आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पैसे लावून खेळावयाचे जे खेळ भ्रमणध्वनीवर बोकाळले होते, ज्यांपायी कित्येक तरुणांनी घरदार गहाण टाकले, त्यांना २०२५ सालच्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आणि ते योग्यच झाले. येथे त्यांचा विचार नाही. येथे विचार आहे तो ज्यांना खेळणारी मंडळी ‘को-ऑप’ म्हणतात त्या खेळांचा. नगर जिल्ह्यातील माणसाला हा शब्द ऐकून साखर कारखाना, पतपेढी, दूध संघ आणि त्यांच्या निवडणुका आठवाव्यात, हे स्वाभाविक आहे. मुलांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की खेळणारे एकमेकांविरुद्ध नसून एकाच बाजूला आहेत.

या जातीतील सर्वांत गाजलेला खेळ ‘ओव्हरकुक्ड’ हा होय. इंग्लंडमधील ‘घोस्ट टाउन गेम्स’ या अगदी लहानशा संस्थेने तो २०१६ साली प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी त्याला ब्रिटनच्या ‘बाफ्टा’ या मानाच्या पुरस्कारांपैकी दोन मिळाले. त्याची कथा कांद्याच्या राज्यात घडते आणि तेथला राजा स्वतःच कांदा आहे. (आमच्या जिल्ह्यातील कांदा उत्पादकास हे वाचून हसू येईल की रडू, हे त्या दिवशीच्या बाजारभावावर अवलंबून राहील. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली तेव्हा त्याला आपण कसल्या राज्यात राहतो याचा चांगलाच अनुभव आला होता.) आचाऱ्यांत माणसे आहेत तसे प्राणीही आहेत. कांदा चिरणे, सार शिजवणे, ताटली वाढणे, उष्टी ताटली धुणे यांपैकी एकही काम अवघड नाही. पाच वर्षांच्या मुलालाही ते जमेल. अवघड आहे ते कोणत्या क्षणी कोणी काय करावे हे ठरवणे. पातेले वेळेवर उतरवले नाही तर आग लागते. ताटल्या मोजक्याच असतात, त्यामुळे चौघेही उत्साहाने शिजवत बसले आणि धुण्याकडे कोणी पाहिले नाही, तर तयार पदार्थ ओट्यावर पडून राहतो. स्वयंपाकघर कधी बर्फावर असते, कधी शेजारून धावणाऱ्या दोन मालमोटारींवर. मधले अंतर वाढले की जो ज्या बाजूला असेल त्याला तेथले काम उचलावेच लागते.

ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचा महिमा सांगितला, तो आम्ही दरवर्षी पहिल्या वर्गाला शिकवतो. दहा माणसे, प्रत्येकाचे काम ठरलेले, आणि दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या. हा खेळ त्या धड्याची दुसरी बाजू दाखवतो. ‘माझे काम चिरण्याचे, धुण्याचे नव्हे’ असे म्हणून जो आपल्या जागी उभा राहतो तो सगळ्यांना बुडवतो. श्रमविभागणी हवी, परंतु ती मोडण्याची तयारी आणि मोडण्याची वेळ ओळखणारी नजरही हवी. ती नजर बोलण्यातून येते. ‘ताटल्या संपल्या’, ‘पातेले उतरव’, ‘मी इकडे अडकलो’ अशा हाका न मारता हा खेळ जिंकणे फार कठीण. शेजारच्या खोलीतील गृहस्थास जो गोंधळ वाटतो तो बऱ्याच अंशी हाच संवाद असतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या व तिच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतूनही हेच दिसले होते, की सामाईक साधनसंपत्ती वापरणाऱ्यांना केवळ एकमेकांशी बोलण्याची मुभा दिली तरी त्यांच्यातील सहकार्य वाढते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. या खेळात गुण मिळतात ते सर्वांना मिळून. अमक्याने किती कांदे चिरले याची वेगळी गुणपत्रिका निघत नाही. आमच्या महाविद्यालयांतून याच्या नेमके उलट घडते. बारा-पंधरा वर्षे मुलाला ‘शेजाऱ्याच्या वहीत पाहू नकोस’ असे बजावून झाल्यावर आम्ही एके दिवशी त्याला गटप्रकल्प देतो. मग एक जण लिहितो, चार जण सह्या करतात, आणि आम्ही पाचही जणांना सारखे गुण देऊन मोकळे होतो. फुकट्या सहभागाचा सिद्धान्त पाठ्यपुस्तकातून समजावण्याची गरजच उरत नाही.

आता पडद्यावरील रसाच्या दुकानाकडून रस्त्यावरच्या रसाच्या दुकानाकडे वळू. प्राण्यांनी चालवलेले रसपानगृह ही आपल्याकडे काही कविकल्पना नाही. महामार्गांच्या कडेला लाकडी चरकाच्या रसवंत्या आजही दिसतात आणि तेथला प्रमुख कामगार बैल असतो. तो गोल फिरतो, उभे लाकडी लाट फिरतात, त्यांत ऊस जातो. बैल गिऱ्हाइकांची रांग पाहून पाऊल उचलत नाही; त्याची गती त्याची असते आणि दुकानाच्या साऱ्या हालचाली तिच्याशी जुळवून घ्याव्या लागतात. एक जण बैल हाकतो, एक जण ऊस तासून देतो, एक जण तो चरकात सरकवतो. घास मोठा झाला की चरक अडतो. लहान झाला की बैल उगाच फिरतो. मग त्याच उसाची घडी घालून, आत आले-लिंबू ठेवून ती पुन्हा चरकात द्यायची, रस गाळायचा, पेले भरायचे, चिपाडे उचलायची, पेले धुवायचे. सहसा हे सारे एका कुटुंबातील तिघे-चौघे करतात.

या धंद्याचे मर्म एका गोष्टीत आहे: उसाचा रस साठवता येत नाही. काढला की थोड्याच वेळात तो काळवंडतो, आंबू लागतो. सकाळी शंभर पेले भरून ठेवले आणि दुपारी विकले, असे चालत नाही. एखादी एस.टी. थांबून तीस माणसे एकदम उतरली तर तीस पेले त्याच क्षणी निघाले पाहिजेत. पुढे तासभर कोणीही फिरकणार नाही. अशा धंद्यात कामाची वाटणी कागदावर कायमची लिहून ठेवणे निरुपयोगी असते. बैल हाकणारा मुलगा गर्दीच्या वेळी पेले गोळा करतो, गल्ल्यावर बसलेली आई उठून लिंबे चिरते. खेळ रचणाऱ्यांनी जो गोंधळ मुद्दाम निर्माण केला तो येथे गिऱ्हाइकांच्या लहरीतून आपोआप निर्माण होतो.

उसाचा हाच नाशवंतपणा आपल्या जिल्ह्याच्या सहकाराच्याही मुळाशी आहे. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातील साखर घटत जाते. म्हणून शेतकरी कारखान्याला आणि कारखाना शेतकऱ्याला बांधलेला असतो. आणि कारखाना परक्याचा असेल तर उभ्या पिकाचा भाव तो ठरवतो. या अडचणीवर विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून, भागभांडवल गोळा करून जे उत्तर शोधले ते १९५० साली लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना म्हणून उभे राहिले. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. फारसे न शिकलेला शेतकरी आणि केंब्रिजला शिकलेला अर्थशास्त्रज्ञ एकाच मेजाशी बसून ऊस केव्हा तोडायचा आणि पैसे कसे वाटायचे याचा विचार करतात, हे दृश्य माझ्या व्यवसायातील माणसाला अजूनही हेवा वाटावा असे आहे.

त्यानंतर काय झाले ते वाचकांसमोर आहे. सर्वच संस्था बिघडल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. उत्तम चाललेल्या संस्था जिल्ह्यात आहेत. परंतु सामान्य सभासदाचा संस्थेशी उरलेला संबंध पाहावा. पाच वर्षांतून एकदा मत, दिवाळीला सवलतीची साखर, आणि वार्षिक सभेत अहवाल वाचला असे समजून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली दाखवून दिले होते की गट जसजसा मोठा होतो तसतसे ‘माझ्या एकट्याच्या करण्या-न करण्याने काय फरक पडतो’ हे प्रत्येकाचे गणित बरोबर ठरू लागते. चौघांच्या खेळात पातेले जळते आहे हे चौघांनाही दिसते. हजारो सभासदांच्या संस्थेत ते कोणाला दिसते? शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. त्या प्रकरणाची कायदेशीर बाजू न्यायालये पाहतील. येथे मुद्दा इतकाच की धूर निघत असताना हाक मारणे हे आपले काम आहे असे फार थोड्या सभासदांना वाटले असावे.

सहकाराचा जन्म असा झालेला नव्हता. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावात २८ जणांनी जे दुकान काढले त्यात पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या एवढाच माल होता आणि सुरुवातीस संध्याकाळी काही तास सभासदच ते उघडून विक्री करीत. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात भगिनींनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटावयास घेतले, त्यांतून ‘लिज्जत’ उभा राहिला. तेथे सभासद होणे म्हणजे लाटावयास बसणे. १९५७ साली कॉफी बोर्डाने कॉफीगृहे बंद करावयास घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामावरून निघालेल्या वाढप्यांनी आणि आचाऱ्यांनीच सहकारी संस्था काढून ती चालवली. या तिन्ही ठिकाणी मालकी आणि ओटा यांच्यात अंतर नव्हते.

यावर कोणी म्हणेल की खेळ तो खेळच. तेथे पातेले जळले तर पुन्हा सुरू करता येते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो हलका नाही. आमच्या वर्गात पाथर्डी-जामखेडकडची मुले असतात. त्यांच्यापैकी कित्येकांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची, दोघांनी वाहायची. चुकले तर मजुरी कापली जाते आणि उचल अंगावर राहते. कामाचा असा मेळ या मुलांनी चार वर्षांची असताना फडात पाहिलेला असतो. त्यांना तो पडद्यावरून शिकवण्याची आवश्यकता नाही. ज्यांना आहे ती सावेडीतल्या पक्क्या घरांतील, स्वतःचे ताट कधी न उचललेली मुले. मात्र पुढे संस्था चालवण्याची पाळी दोघांवरही येणार आहे, आणि आज दोघेही एकाच बाकावर बसून सहकाराची तत्त्वे प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेतून पाठ करीत आहेत.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थी बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तासाप्रमाणे काम करतो आणि तासाप्रमाणे मोबदला घेतो. योजना चांगली आहे. पण तिच्यात तो एकटाच असतो. त्याऐवजी एखाद्या महाविद्यालयाने फेब्रुवारी ते एप्रिल आवारातच एक रसवंती सहा विद्यार्थ्यांच्या गटाकडे सोपवून पाहावी. चरक भाड्याने मिळतो, ऊस जिल्ह्यात मुबलक आहे, गिऱ्हाईक वर्ग सुटताच दारात उभे असते. कामे दर आठवड्याला बदलावीत, म्हणजे गल्ल्यावर बसणारा पुढच्या सोमवारी चिपाडे उचलील. नफा सहा जणांत सारखा वाटावा की कामाच्या तासांप्रमाणे, हे त्यांनीच भांडून ठरवावे. प्राध्यापकांनी त्यात पडू नये. रोजचा जमाखर्च फळ्यावर लिहावा आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनी तो दर शनिवारी तपासावा. तोटा आल्यास तो किती मर्यादेपर्यंत महाविद्यालय सोसेल हे आधीच सांगून टाकावे, कारण ऊसतोड कामगाराच्या मुलाकडून तो वसूल करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. बैलाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. विजेचा चरक पुरे. पेले कोणी धुवायचे, एवढे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.