केन्सने खड्डे बुजवायला सांगितले नव्हते

रोजगार हमीचा विषय निघाला की नागपुरात एक वाक्य हमखास कानावर पडते : "खड्डे खणा आणि बुजवा, हेच ते केन्सचे अर्थशास्त्र." रोजगार हमी योजनेचे राज्य आयुक्तालय ज्या शहरात आहे, तिथे तरी हे वाक्य तपासल्याशिवाय सोडू नये.

जॉन मेनार्ड केन्सने 1936 च्या 'जनरल थिअरी'त मांडले ते असे : सरकारला दुसरे काही सुचतच नसेल, तर बाटल्यांत नोटा भरून त्या बंद पडलेल्या खाणींत पुराव्यात आणि लोकांना उकरू द्याव्यात, बेकारी त्यानेही हटेल. पण घरे बांधणे अधिक शहाणपणाचे, हेही तो तिथेच सांगतो. ही हात बांधून बसलेल्या सरकारला मारलेली चपराक होती. तिलाच त्याचा सल्ला ठरवणे हा वाचनाचा आळस आहे.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो केन्सच्याच विद्यार्थ्याचा. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 1952 साली दाखवून दिले, की मंदीतल्या ब्रिटनमध्ये कारखाने रिकामे होते. हाती पैसा खेळला की ते सुरू होत. भारतात तो पैसा धान्यावर जाणार, धान्य लगेच वाढत नाही, म्हणजे भाव चढणार. हे मान्यच केले पाहिजे. केन्स जसाच्या तसा इथे लागू पडत नाही.

उत्तर सापडले ते शेतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला 1965 मध्ये रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात राज्याने योजना उचलून धरली. 1977 साली कायदा झाला. मागेल त्याला काम, पण ते काम बांधबंदिस्तीचे, पाझर तलावाचे. पाणी अडले की पुढच्या हंगामात धान्यही वाढते. रावांनी बोट ठेवलेली अडचण इथेच सैल होते.

आणि 'फुकटचा पैसा' म्हणणाऱ्यांनी भंडारा-गोंदियातल्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ निघताना बघावे. मातीकामात खड्ड्यात मधेच मातीचा एक खांब न खणता सोडतात. त्यावरून खोली कळते, टेप लावून लांबी-रुंदी घेतात आणि जितकी माती निघाली तितकीच मजुरी निघते. भर उन्हात इतके काटेकोर मोजून मिळणाऱ्या पैशाला फुकटचा म्हणणे अन्यायाचे आहे.

शहरी नोकरदार म्हणतो, पैसा आमचा. बरोबर! पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर 1975 साली याच योजनेसाठी लावला गेला. म्हणूनच त्याने हिशेब मागावा, पण योग्य जागी : अर्धवट सोडलेल्या कामांचा, बोगस हजेरीपटांचा, रखडलेल्या मजुरीचा. हिवाळी अधिवेशनाला आमदार नागपुरात येतात, तेव्हा आपापल्या आमदाराला हे जरूर विचारा.