न हसणारा चेहरा

परवा कोपरीत आमच्या महिला मंडळात अमृता शेरगिलच्या चित्रांचं पुस्तक हातोहात फिरलं. पॅरिसमध्ये शिकत असताना, १९३० च्या सुमारास, तिने स्वतःलाच पुन्हा पुन्हा रंगवलं. एका चित्रात ती दिलखुलास हसते. "किती आनंदी स्वभाव!" सगळ्या म्हणाल्या. मग १९३४ चं, ताहिती बेटावरच्या बाईच्या रूपातलं आत्मचित्र आलं. कमरेपर्यंत उघडं अंग, पोटाशी जुळवलेले हात, नजर आपल्याला टाळून बाजूला, मागे पुरुषाची सावली. क्षणभर सगळ्या गप्प. मग एकीने निकाल दिला, "ही गर्विष्ठ असणार हो!"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. बाईच्या चेहऱ्यावरून आपण किती पटकन तिचा स्वभाव ठरवतो! मुलगी बघायच्या कार्यक्रमापासूनच सुरुवात. हसली तर आगाऊ, नाही हसली तर तुसडी. महिन्याचा हिशेब करताना कपाळाला आठी पडली, की घरातले विचारतात, "काय बिनसलंय?" बिनसलेलं काही नसतं; बाई कामात असते.

आत्मचित्राचंही तसंच आहे. आरशात बघून रंगवायचं म्हणजे तासन्‌तास स्वतःकडे एकटक पाहायचं. हसू तेवढा वेळ टिकत नाही. म्हणून कितीतरी आत्मचित्रांतले चेहरे गंभीर आणि डोळे रोखलेले दिसतात. तो राग असेलच असं नाही; ती एकाग्रताही असते. मग अमृताचा खरा स्वभाव कोणता? मला वाटतं, हसरीही तीच आणि अबोलही तीच. कोणत्या वेळी काय दाखवायचं, ते मात्र तिचं तिने ठरवलं.

१९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिलं. त्या मुलीही हसत नाहीत. ओठ मिटलेले, नजर खाली. त्यांना कुणी तुसड्या म्हणत नाही, कारण त्यांच्याकडे आपण थांबून बघतो.

तेवढं थांबणं घरातल्या, शेजारच्या बाईच्या वाट्याला का येऊ नये? सून गप्प दिसली, तर "तोंड का पाडलंस?" म्हणण्याआधी ती काय करतेय ते बघूया. आणि मैत्रिणींनो, एखाद्या दुपारी आरसा घेऊन बसा, वहीत पेन्सिलीने स्वतःचा चेहरा काढा. नाही जमला तरी चालेल. हसायची सक्ती नाही!